सहा तासांचे गट-एस्किस: चौघांनी मिळून एकच प्लॅन कसा काढावा

अंतर्रचनेच्या अभ्यासक्रमात कुठे एस्किस, कुठे टाइम प्रॉब्लेम, तर कुठे शॅरेट म्हणून ओळखला जाणारा, काही तासांत एक रचना पूर्ण करण्याचा हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळी ब्रीफ (काय रचायचे याचा लेखी तपशील) हाती पडते, चार जणांचा गट ठरतो आणि दुपारी ज्यूरीपुढे (परीक्षकांपुढे) शीट व मॉडेल ठेवावे लागते. स्टुडिओत शिकवताना मी असे कितीतरी गट पाहिले आहेत. चित्रे चांगली काढता येत नाहीत म्हणून गट अडखळतो, असे क्वचितच घडते. बहुतेक गट एकाच जागी चुकतात: काय करायचे हे ठरण्याआधीच कामाची वाटणी होते. ‘तू प्लॅन घे, मी सेक्शन घेते, तो मॉडेल करील’ (प्लॅन म्हणजे वरून पाहिलेला आराखडा, सेक्शन म्हणजे खोलीचा उभा छेद) असे पहिल्या दहा मिनिटांत ठरते आणि दुपारी दोन वाजता चार जणांनी चार वेगवेगळ्या खोल्या काढल्याचे लक्षात येते.

पुढील टप्पे त्यासाठीच लिहिले आहेत. सर्व टप्प्यांत मी एकच उदाहरण वापरणार आहे. आतून ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच असा एक हॉल आहे. पश्चिमेच्या आखूड भिंतीत दार आहे आणि उत्तरेच्या लांब भिंतीत ९०० मिमी उंबऱ्याच्या, म्हणजे जमिनीपासून तेवढ्या उंचीवर सुरू होणाऱ्या, खिडक्या आहेत. येथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या २४ विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका करायची आहे. वेळ सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन असा आहे. ए-टू आकाराची दोन शीट आणि एक मॉडेल द्यायचे आहे.

### टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

ब्रीफ माहीत नसले तरी तयारीचा निम्मा भाग आदल्या दिवशी उरकता येतो, आणि तो उरकावाच. साहित्याची यादी गटाची एकच असावी आणि कोणती वस्तू कोण आणणार हे नावानिशी लिहिलेले असावे. बटर पेपरचा (पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदाचा) एक गुंडा, अंतिम रेखाटनासाठी गेटवे (जाड ट्रेसिंग पेपर) किंवा कार्ट्रिज शीट (जाड चित्रकागद), मास्किंग टेप, दोन स्केल (प्रमाणपट्ट्या), ०.१, ०.३ आणि ०.८ मिमीची पेने, कटर व त्याची जादा पाती, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, ३ आणि ५ मिमी जाडीचे सनबोर्ड (मॉडेलसाठीचा हलका, कडक बोर्ड) एवढे पुरेसे आहे. चौघांची पेने एकाच जाडीची असावीत. एका शीटवरची कापलेली भिंत ठळक आणि दुसऱ्या शीटवरची फिकी असली की दोन्ही शीट एकाच गटाची वाटत नाहीत.

तीन गोष्टी आदल्या दिवशी बोलून ठरवाव्यात. पहिली, काम हाताने करायचे की संगणकावर. निम्मे असे आणि निम्मे तसे करायचे असेल, तर कोणते निम्मे. दुसरी, अक्षर कोणाचे असेल. दोन्ही शीटवरची सर्व अक्षरे एकाच हाताची असावीत. तिसरी, घड्याळ कोण पाहणार. घड्याळ पाहणाऱ्याने चित्रेही काढायची असतातच. मात्र ‘आता थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्याला चौघांनी आधीच द्यायचा असतो. तो अधिकार ऐन वेळी कोणी देत नाही.

इशारा: सर्वांत चांगले चित्र काढणाऱ्यावर सर्व रेखाटने सोपवू नयेत. त्याचा हात दुपारी एकपर्यंत थकतो आणि उरलेले तिघे तोवर बसून राहतात.

### टप्पा २: ब्रीफ वाचणे (९:३० ते ९:५०)

ब्रीफ एकाने मोठ्याने वाचावे आणि तिघांनी पेन्सिलीने खुणा कराव्यात. आकडे, सक्तीच्या गोष्टी, द्यायची रेखाटने आणि त्यांची स्केल (मापाचे प्रमाण) यांखाली रेघ ओढावी. त्यानंतर ‘काय दिलेले नाही’ याची वेगळी छोटी यादी करावी. आमच्या उदाहरणात चपला कुठे काढायच्या, दप्तरे कुठे ठेवायची, पाणी कुठे आणि मोबाइल चार्ज कुठे करायचा यांतले काहीच ब्रीफमध्ये नाही. पण जो कधी गावातल्या किंवा शहरातल्या अभ्यासिकेत बसला आहे, त्याला हेच चार प्रश्न सर्वांत आधी आठवतील. असा अनुभव गटातल्या कोणाला असेल, तर पाच मिनिटे त्यालाच बोलू द्यावे.

तपासणी: ब्रीफ झाकून प्रत्येकाने हॉलची मापे, माणसांची संख्या आणि द्यायची रेखाटने सांगावीत. एकाचे जरी चुकले तरी ब्रीफ पुन्हा वाचावे. या दोन मिनिटांची कंजुषी पुढे महागात पडते.

### टप्पा ३: प्रत्येकाने एकट्याने, न बोलता (९:५० ते १०:२०)

हॉलचा कोरा प्लॅन १:१०० या स्केलवर काढावा. तो ९० मिमी बाय ६० मिमी इतकाच होतो आणि ए-फोर कागदावर चार प्लॅन सहज मावतात. त्या कागदाच्या झेरॉक्स काढून प्रत्येकाला एकेक द्यावी. अर्ध्या तासात प्रत्येकाने त्यावर किमान दोन पर्याय काढावेत. या वेळात कोणी कोणाशी बोलू नये.

हा टप्पा गट सर्रास गाळतात, कारण एकत्र बसून बोलणे म्हणजेच गटकार्य असा समज असतो. प्रत्यक्षात पहिले बोलणाऱ्याची कल्पना खोलीत घुमत राहते आणि शांत स्वभावाचे दोघे जण मान डोलावतात. माझ्या पाहण्यात शेवटी उपयोगी पडलेल्या कल्पना बहुतेक वेळा अशा विद्यार्थ्यांच्या कागदावर होत्या, जे चर्चेत एक शब्दही बोलले नसते.

इशारा: या टप्प्यात रंग, फॉल्स सीलिंग, भिंतीवरची नक्षी यांना हात लावू नये. माणसे कुठून येतात, कुठे बसतात, कुठे थांबतात एवढेच काढावे.

### टप्पा ४: एक वाक्य ठरवणे (१०:२० ते १०:५०)

आठही प्लॅन मास्किंग टेपने भिंतीवर लावावेत. प्रत्येक प्लॅनबद्दल आधी इतर तिघांनी बोलावे आणि ज्याचा प्लॅन आहे त्याने शेवटी बोलावे. असे केल्याने प्लॅन स्वतः काय सांगतो हे कळते. ज्याचा प्लॅन, तो आधी बोलला की तो कागदावर नसलेल्या गोष्टीही सांगू लागतो.

यानंतर जे करायचे त्यातच घोडे पेंड खाते. कोणाचा प्लॅन घ्यायचा असे विचारले की भांडण होते. भांडण नको म्हणून एकाचे दार, दुसरीची बैठक आणि तिसऱ्याचे कप्पे एकत्र केले जातात आणि ना धड हे ना धड ते अशी खिचडी तयार होते. त्याऐवजी, या हॉलमध्ये सर्वांत मोठी अडचण कोणती आणि तिच्यावर आपला उपाय कोणता, हे एका वाक्यात लिहावे. आमच्या उदाहरणात ते वाक्य असे होऊ शकते: ‘आवाज दाराशीच थांबला पाहिजे, म्हणून दप्तरांच्या कप्प्यांचीच भिंत करून तिच्यामागे अभ्यासाची जागा ठेवायची.’

हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून सर्वांना दिसेल असे टेबलावर चिकटवावे. पुढे दिवसभरात कोणताही वाद निघाला की या वाक्याला काय जवळचे आहे, एवढेच विचारावे.

तपासणी: वाक्यात एखादी खरी वस्तू आणि एखादी क्रिया आहे ना हे पाहावे. ‘शांत, प्रसन्न आणि प्रेरणादायी वातावरण’ असे वाक्य झाले असेल, तर त्यावरून एक रेघही काढता येणार नाही. ते खोडून पुन्हा लिहावे.

### टप्पा ५: एकाच कागदावर सामाईक प्लॅन (१०:५० ते ११:४५)

आता चौघांनी एकाच टेबलाभोवती बसावे. मध्ये १:५० स्केलचा कोरा प्लॅन असावा, १८० मिमी बाय १२० मिमीचा, आणि त्यावर बटर पेपर. पेन्सिल एकाच्याच हातात असावी. बाकीच्यांनी मापे सांगावीत, हिशेब करावा आणि चुका पकडाव्यात. गटाने एकत्र करायचे खरे काम हेच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

दारापासून १.८ मीटर जागा चपला आणि पाण्यासाठी सोडू. त्यापुढे ४५० मिमी खोलीची कप्प्यांची भिंत येईल. लांबीतले ६.७५ मीटर उरतात. कप्प्यांची भिंत ६ मीटरपैकी ४.८ मीटर लांब ठेवली आणि दक्षिण टोकाला १.२ मीटरची वाट सोडली, तर ६०० मिमी रुंदीचे आठ उभे गाळे होतात. प्रत्येकात ७०० मिमी उंचीचे तीन कप्पे धरले की नेमके २४ कप्पे मिळतात आणि भिंतीची उंची २.१ मीटर होते. छत मात्र ३.३ मीटरवर आहे. वरचा १.२ मीटर उघडा राहिला तर आवाज त्यावरून सरळ आत येईल आणि टेबलावर चिकटवलेले वाक्य खोटे ठरेल. म्हणून तो भाग काचेने बंद करावा लागेल. हे प्लॅनमध्ये दिसत नाही. सेक्शन काढणाऱ्याला ते आत्ताच कळले पाहिजे, आणि त्यासाठी तो याच टेबलाशी बसलेला हवा.

आता बैठक. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा. खिडक्या उत्तरेला आहेत, म्हणून सर्वांनी पूर्वेकडे तोंड करून बसावे. मेज ८०० मिमी रुंद आणि ६०० मिमी खोल घेतले आणि मागे खुर्चीसाठी ९०० मिमी सोडले, तर एका रांगेला १.५ मीटर लागतात. चार रांगांना ६ मीटर. एका रांगेत सहा मेज म्हणजे ४.८ मीटर आणि दक्षिण भिंतीलगत १.२ मीटरची वाट. चार रांगा गुणिले सहा म्हणजे २४. हिशेब जुळला की गट खूश होतो आणि पुढे जातो.

इथेच थांबावे आणि प्लॅनमधून बोटाने चालावे. खिडकीशी बसलेल्या सहाव्या विद्यार्थ्याला पाणी प्यायला उठायचे आहे. त्याला पाच खुर्च्यांच्या मागून, पाच जणांना पुढे सरकायला लावत जावे लागते. शांततेसाठी काढलेल्या अभ्यासिकेत प्रत्येक उठणे पाच जणांना त्रास देणार. उपाय सोपा आहे: वाट मध्ये घ्यावी. तीन मेज २.४ मीटर, वाट १.२ मीटर, पुन्हा तीन मेज २.४ मीटर, बेरीज ६ मीटरच. संख्या २४च राहते आणि सर्वांत आतला विद्यार्थी फक्त दोघांच्या मागून जातो.

चार रांगांनंतर कप्प्यांच्या भिंतीपर्यंत ७५० मिमी उरतात. शेवटच्या रांगेमागचे ९०० मिमी धरून तिथे १६५० मिमीचा पट्टा मिळतो. व्हीलचेअर वळवण्यासाठी १५०० मिमी व्यासाचे वर्तुळ लागते. शेवटच्या रांगेतल्या मधल्या वाटेलगतच्या एका मेजाला खुर्ची ठेवलीच नाही, तर मेजाची आणि वाटेची मिळून २ मीटर रुंद आणि १६५० मिमी खोल अशी जागा होते आणि ते वर्तुळ तिथे बसते. हे मेज त्याच विद्यार्थ्याचे. अशी जागा शेवटी घुसडायची म्हटली की ती कधीच बसत नाही.

मेजाचे माप ८०० बाय ६०० का, याचेही उत्तर तयार असावे. प्लायवूडची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी मिळते. तिच्यातून लांबीत तीन आणि रुंदीत दोन असे सहा पृष्ठभाग निघतात आणि करवतीच्या कापासाठी थोडी जागाही उरते. चोवीस मेजांना चार शीट पुरतात. ज्यूरीत बसलेल्या, प्रत्यक्ष साइटवर काम करणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून समाधान वाटते, कारण त्याचा रोजचा हिशेब हाच असतो.

सामान्य चुका: दाराचे पाते कुठे उघडते हे न काढणे, खुर्ची मेजाखाली सरकवलेली काढून जागा पुरते असे समजणे, खिडकीच्या उंबऱ्याची उंची न पाहता तिच्यापुढे उंच कपाट ठेवणे.

### टप्पा ६: प्लॅन गोठवणे आणि मगच वाटणी (११:४५ ते १२:००)

पावणेबाराला घड्याळ पाहणाऱ्याने ‘प्लॅन फ्रीज’ असे जाहीर करावे. बटर पेपरवर कोपऱ्यात ‘११:४५’ अशी वेळ लिहावी, फोनवर वरून सरळ धरून फोटो काढावा आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकावा. त्याच्या तीन झेरॉक्स काढाव्यात. यापुढे प्रत्येकजण याच प्रतीवरून काम करील. संगणकावर काम असेल तर फाइलच्या नावातही तीच वेळ घालावी, उदाहरणार्थ ‘प्लॅन-११४५’. ‘फायनल’ हे नाव कोणत्याच फाइलला देऊ नये.

हे इतके काटेकोरपणे का करायचे, हे सांगण्यासाठी एका गटाची हकीकत देतो. वर सांगितलेली वाट त्यांनीही कडेवरून मध्ये आणली होती, पण साडेबारा वाजता. आणि सेक्शन काढणारी विद्यार्थिनी तेव्हा शेजारच्या टेबलावर जुन्या प्लॅनवरून काम करत होती. तिचे काम अतिशय सुबक होते. सहा मेज एका ओळीत, प्रत्येकावर दिवा, बसलेली माणसे, खिडकीतून येणारा उजेड, सर्व काही. ज्यूरीने दोन्ही शीट शेजारी ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला: या दोन्हींतली खरी खोली कोणती? त्यानंतरची सर्व मिनिटे खुलाशात गेली. मुलीचे डोळे भरून आले होते. चूक तिची नव्हती. वाट बदलल्याचे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून नियम असा ठेवावा की फ्रीजनंतर बदल करायचा असेल तर चौघांनी हातातले काम खाली ठेवून उठावे, बदल मूळ बटर पेपरवर लाल पेनाने करावा आणि नवी वेळ लिहावी. उठायला लागते म्हटल्यावर अनावश्यक बदल आपोआप गळतात.

आता वाटणी. एकाने प्लॅन आणि मेजाचा १:१० तपशील घ्यावा. प्लॅनची राखणही त्याचीच. दुसऱ्याने १:२० सेक्शन, तिसऱ्याने व्ह्यू (खोली डोळ्यांना दिसते तसे चित्र) आणि शीटची मांडणी, चौथ्याने १:५० मॉडेल घ्यावे.

तपासणी: वाटणी संपल्यावर प्रत्येकाने आपले रेखाटन कागदावर किती मिमी जागा घेईल ते सांगावे. ६ मीटर रुंदीचा सेक्शन १:२० वर ३०० मिमी रुंद आणि १६५ मिमी उंच होतो. ए-टू शीट ५९४ बाय ४२० मिमीची असते. हा हिशेब आत्ता केला की दुपारी शीटवर रेखाटन न मावल्याची धावपळ होत नाही.

### टप्पा ७: रेखाटन आणि मॉडेल (१२:०० ते २:१५)

या सव्वादोन तासांतच जेवणाची वीस मिनिटे आहेत. दोघा-दोघांनी आळीपाळीने जेवावे, पण जेवण टाळू नये. उपाशी गट दोन वाजता एकमेकांवर खेकसू लागतो.

सेक्शन. आमच्या उदाहरणात तो उत्तर-दक्षिण कापून पश्चिमेकडे पाहावा. म्हणजे कप्प्यांची भिंत, वरची काच, खिडकी आणि समोर तोंड करून बसलेली माणसे एकाच चित्रात येतात. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५० ते १२०० मिमीवर असतात. मेजापुढची आडोशाची उभी फळी जमिनीपासून ११०० मिमीची ठेवली तर पुढच्या रांगेतले सर्व दिसते, १३०० मिमीची ठेवली तर दिसत नाही. यांपैकी काय हवे ते वाक्य पाहून ठरवावे आणि सेक्शनमध्ये ती दृष्टिरेषा तुटक रेघेने काढावी.

विद्यार्थी सेक्शनमध्ये पंखा काढायचे हमखास विसरतात. आपल्याकडच्या हॉलमध्ये पंखा असतोच, आणि दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर लावला तर वहीवर सावली फडफडत राहते. तासन्तास वाचणाऱ्याला तो त्रास असह्य होतो. दिवे पात्यांच्या पातळीखाली किंवा त्यांच्या फेऱ्याबाहेर घ्यावेत आणि पंखे व दिवे सेक्शनमध्ये दाखवावेत.

व्ह्यू. क्षितिजरेषा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, १५०० ते १६०० मिमीवर धरण्याची सवय असते. पण अभ्यासिकेत माणूस दिवसभर बसलेला असतो. क्षितिजरेषा ११५० मिमीवर आणून बसलेल्या विद्यार्थ्याच्या जागेवरून एक व्ह्यू काढावा. खोली एकदम वेगळी दिसते आणि फळीची उंची बरोबर आहे की नाही तेही कळते. गेटवे किंवा बटर पेपरवर मार्करने रंग भरायचे असतील तर कागदाच्या मागच्या बाजूने भरावेत, म्हणजे पुढच्या शाईच्या रेघा फिसकटत नाहीत.

मॉडेल. १:५० स्केलवर ३ मिमीचा सनबोर्ड म्हणजे १५० मिमीची भिंत आणि ५ मिमीचा म्हणजे २५० मिमीची. आतल्या आणि बाहेरच्या भिंतींसाठी हे जवळजवळ नेमके पडते. हॉलची उंची ६६ मिमी होते. छत लावू नये आणि दक्षिणेची भिंत काढता येईल अशी ठेवावी, म्हणजे ज्यूरीला वाकून आत पाहता येते. चोवीस मेज एकेक कापत बसण्यापेक्षा १२ मिमी रुंदीची लांब पट्टी कापून तिचे १६ मिमीचे तुकडे पाडावेत. थर्माकोल किंवा थर्माकोलचा गाभा असलेला बोर्ड वापरत असाल तर सुपरग्लू लावू नये. तो थर्माकोलला खातो.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी: सर्वांच्या फाइलचे एकक मिलिमीटर आहे ना हे सुरुवातीलाच पाहावे. एकाचे इंच आणि दुसऱ्याचे मिलिमीटर असेल, तर एका फाइलमधली खुर्ची दुसऱ्या फाइलमध्ये २५.४ पट मोठी होऊन येते आणि हे बहुधा दोन वाजता कळते.

मध्यंतरीची तपासणी, बरोबर १ वाजता: चौघांनी आपापले काम मधल्या टेबलावर आणून दोन मिनिटे शेजारी ठेवावे. खिडक्यांची संख्या, वाटेची जागा, कप्प्यांची उंची आणि उत्तर दिशा या चार गोष्टी चारही ठिकाणी सारख्या आहेत का, एवढेच पाहावे. ‘छान झाले’, ‘रंग बदल’ अशी चर्चा करू नये.

इशारा: एखाद्याचे काम मागे पडले असेल तर ते त्याने एक वाजताच सांगावे. एक वाजता सांगितले तर काम कमी करता येते, व्ह्यू दोनाऐवजी एक करता येतो. सव्वादोनला सांगितले तर करण्यासारखे काही उरत नाही. हे सांगताना कमीपणा वाटू नये, ही जबाबदारी बाकीच्या तिघांची आहे.

### टप्पा ८: शीटची मांडणी (२:१५ ते २:५०)

रेखाटने चिकटवण्याआधी कोऱ्या शीटवर नुसती ठेवून पाहावीत. पहिल्या शीटवर वर ते एक वाक्य, त्याखाली प्लॅन आणि व्ह्यू. दुसऱ्या शीटवर सेक्शन आणि मेजाचा तपशील. दोन्ही शीट शेजारी लावल्यावर प्लॅन आणि सेक्शन शक्यतो एका रेषेत यावेत, म्हणजे पाहणाऱ्याची नजर एकातून दुसऱ्यात सहज जाते. प्रत्येक रेखाटनाखाली नाव आणि स्केल लिहावी, प्लॅनवर उत्तर दिशा दाखवावी.

प्रिंट काढणार असाल तर छापताना ‘कागदाला जुळवा’ हा पर्याय बंद करावा. प्लॅनखाली ५ मीटरची मापपट्टी काढलेली असावी आणि प्रिंट हाती आल्यावर ती पट्टीने मोजावी. १:५० वर ती नेमकी १०० मिमी भरली पाहिजे. ९६ किंवा ९७ भरली, तर सबंध शीटची स्केल चुकली आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या रांगेचा वेळही याच ३५ मिनिटांत धरावा.

तपासणी: शीट भिंतीवर लावून तीन मीटर मागे जावे. वाक्य वाचता येते का, आणि डोळा सर्वांत आधी कुठे जातो, हे पाहावे.

### टप्पा ९: तालीम (२:५० ते ३:१५) आणि राखीव १५ मिनिटे

ज्यूरीपुढे साधारण चार मिनिटे मिळतात असे धरून दोनदा तालीम करावी. क्रम असा: वाक्य, प्लॅनमधून चालत जाणे, सेक्शन, मॉडेल. सुरुवात ‘आम्हाला ब्रीफ असे मिळाले होते’ अशी करू नये; ब्रीफ ज्यूरीनेच दिलेले असते.

बोलायला कोण, या प्रश्नावर बहुतेक गट ज्याचे इंग्रजी चांगले त्याच्याकडे बोट दाखवतात. मला हे फार खटकते. ज्याने प्लॅन राखला, ज्याला प्रत्येक ९०० आणि १२०० मिमी कशासाठी आहे हे माहीत आहे, त्याने बोलावे. तो मराठी माध्यमातून आलेला असेल आणि मराठी-इंग्रजी मिसळून बोलणार असेल, तरी चालेल. बोट प्लॅनवर ठेवून बोलणाऱ्याचे म्हणणे ज्यूरीला कळते. प्रश्न आला की ज्याचे ते रेखाटन, त्याने उत्तर द्यावे. दुसऱ्याच्या रेखाटनाबद्दल ‘ते तिने काढले आहे’ असे कोणीही म्हणू नये.

राखीव १५ मिनिटांत नवे काही सुरू करू नये. सुटलेली टेप लावावी, पेन्सिलीच्या रेघा पुसाव्यात, चौघांची नावे आणि हजेरी क्रमांक शीटच्या मागे लिहावेत आणि टेबलावरचे कापलेले तुकडे उचलावेत.

### टप्पा १०: ज्यूरीनंतरची दहा मिनिटे

ज्यूरी चालू असताना जो बोलत नाही, त्याने शेरे जसेच्या तसे लिहून घ्यावेत. संपल्यावर लगेच, पांगण्याआधी, चौघांनी ते एकदा वाचावेत, कारण कोणाला काय म्हटले याच्या चार वेगळ्या आठवणी संध्याकाळपर्यंत तयार होतात. मॉडेलचे फोटो त्याच दिवशी उजेडात काढावेत. बसलेल्या माणसाच्या उंचीवर, म्हणजे १:५० च्या मॉडेलमध्ये तळापासून साधारण २३ मिमीवर फोनचा कॅमेरा उलटा धरून टेकवला की खोली आतून दिसते. मूळ बटर पेपर प्लॅन राखणाऱ्याने लाल खुणांसह जपून ठेवावा. पोर्टफोलिओ करताना चौघांनाही त्याचीच प्रत लागते, आणि प्रत्येकाने आपल्या पोर्टफोलिओत गटाची नावे व स्वतः काय काढले ते स्पष्ट लिहावे.